डिसेबिलिटी पेन्शन: बोर्डाचा कागद कसा वाचावा आणि रक्कम कशी पडताळावी

सैन्यातून घरी आलेल्या बहुतेक जवानांच्या ट्रंकेत पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला असतो. तो जपला जातो, पण वाचला क्वचितच जातो. डिसेबिलिटी पेन्शन म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापोटी दरमहा मिळणारी रक्कम. ती आपल्याला लागू होते का, आणि होत असल्यास बरोबर मिळते का, हे पाहायचे असेल तर पीपीओबरोबर आणखी एक कागद समोर घ्यावा लागतो. तो म्हणजे निवृत्तीच्या किंवा सेवामुक्तीच्या वेळी झालेल्या मेडिकल बोर्डाचा अहवाल, जो सहसा एएफएमएसएफ-१६ या नमुन्यात असतो. सारा हिशेब या अहवालातील तीन नोंदींवर उभा असतो: अपंगत्वाचे कारण, त्याची टक्केवारी आणि सेवा कोणत्या प्रकारे संपली. अहवालाची प्रत हाती नसेल तर सेवा क्रमांक, पद आणि सेवामुक्तीची तारीख लिहून ती आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावी. तेवढ्याने काम झाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो.

आधी कारणाची नोंद पाहावी, कारण नकाराची बहुतेक प्रकरणे इथेच अडकतात. बोर्डाला प्रत्येक आजारापुढे किंवा दुखापतीपुढे ते अपंगत्व सेवेमुळे निर्माण झाले की सेवेमुळे वाढले, हे लिहावे लागते. पहिल्याला ‘ॲट्रिब्युटेबल’ आणि दुसऱ्याला ‘ॲग्रव्हेटेड’ म्हणतात, आणि पेन्शनसाठी या दोहोंपैकी एक असले तरी पुरते. तोफखान्यात वर्षानुवर्षे गोळीबाराच्या आवाजात काम केल्याने गेलेली श्रवणशक्ती पहिल्या प्रकारात मोडू शकते, तर आधीपासून सौम्य असलेला आणि अति उंचीवरील तैनातीत बळावलेला विकार दुसऱ्या प्रकारात. दोन्ही नाकारले गेले तर कागदावर जी इंग्रजी आद्याक्षरे येतात त्यांचा उच्चार ‘नाना’ असा होतो. मराठी घरात नाना म्हणजे वडीलधारे माणूस, पण बोर्डाच्या कागदावरचे नाना आले की डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधील अपंगत्वाबद्दलचा भाग, थांबते.

मात्र हा शेरा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सिग्नल्स कोअरमधील एका जवानाला अपस्माराच्या झटक्यांमुळे सेवेतून काढण्यात आले आणि बोर्डाने कारण सेवेशी संबंधित नाही असे ठरवले. ते प्रकरण ‘धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो पुढे उद्भवला तर भरतीवेळी व्यक्ती निरोगी होती असेच गृहीत धरावे, संशयाचा फायदा जवानाला द्यावा आणि आजार सेवेशी संबंधित नाही असे म्हणायचे असेल तर बोर्डाने त्याची कारणे नोंदवावीत. म्हणून आपल्या अहवालात कारणमीमांसेच्या जागी काय लिहिले आहे ते शब्दशः वाचावे. ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे शरीरप्रकृतीतूनच उद्भवलेला आजार, किंवा ‘शांतताक्षेत्रात सुरुवात’ एवढेच लिहून विषय संपवला असेल, तर तो अपिलासाठी ठोस मुद्दा असतो.

दुखापतीच्या बाबतीत पुरावा त्या दिवसाच्या कागदात असतो. अपघातानंतर भरला जाणारा दुखापत अहवाल, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि गरज पडल्यास झालेल्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे लष्करी चौकशीचा, निष्कर्ष, हे दोन कागद मिळवणे सर्वांत महत्त्वाचे. रजेवर घरी जाताना किंवा रजेवरून परतताना प्रवासात झालेला अपघात नियमांनुसार कर्तव्यावर असतानाचा मानला जातो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. घरी रजेवर असताना स्वतःच्या कामासाठी फिरताना झालेल्या अपघाताची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे सेवेशी काही कारणसंबंध दाखवावा लागतो आणि तो दाखवणे अवघड जाते.

कारणाच्या वर्गवारीवरूनच पुढे पेन्शनचा प्रकारही ठरतो. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने ए ते ई असे पाच वर्ग केले. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे, बी म्हणजे सेवेमुळे झालेले किंवा वाढलेले आजार, सी म्हणजे कर्तव्यावरील अपघात, डी म्हणजे दहशतवादी किंवा समाजकंटकांचा हल्ला अथवा नैसर्गिक आपत्तीत मदतकार्य करताना आलेले अपंगत्व, आणि ई म्हणजे शत्रूची कारवाई व युद्धसदृश परिस्थिती. ई वर्गात वॉर इंज्युरी पेन्शन मिळते आणि तिचा दर साध्या डिसेबिलिटी पेन्शनपेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे घटना ई वर्गातील असूनही कागदावर सी लिहिले गेले असेल, तर दरमहा होणारे नुकसान लहान नसते.

आता रकमेकडे वळू. डिसेबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट हा सेवेबद्दलचा भाग असून तो शेवटच्या मोजण्याजोग्या वेतनाच्या निम्मा असतो, आणि अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडावे लागले तर त्यासाठी किमान सेवेची अट नसते. डिसेबिलिटी एलिमेंट हा अपंगत्वाबद्दलचा भाग असून १०० टक्के अपंगत्वासाठी तो त्याच वेतनाच्या ३० टक्के असतो आणि टक्केवारी कमी झाली की त्या प्रमाणात कमी होतो. मोजण्याजोग्या वेतनात वेतन मॅट्रिक्समधील मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे आणि लागू असल्यास एक्स ग्रुप वेतन (तांत्रिक ट्रेडसाठीचे) व क्लासिफिकेशन भत्ता (कौशल्यश्रेणीसाठीचा) येतात. मूळ वेतन तेवढेच धरून हिशेब केला तर रक्कम कमी निघते, हे लक्षात ठेवावे. सातव्या वेतन आयोगानुसार जेसीओ (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) व इतर दर्जांसाठी मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये आहे.

समजा, एका हवालदाराचे मोजण्याजोगे वेतन ४५,००० रुपये आहे आणि बोर्डाने अपंगत्व २० टक्के ठरवले आहे. १०० टक्क्यांसाठी डिसेबिलिटी एलिमेंट १३,५०० रुपये, म्हणून २० टक्क्यांसाठी २,७०० रुपये, असा सरळ हिशेब होईल. पण इथेच ‘ब्रॉड बँडिंग’ येते. त्यानुसार ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरली जाते, ५० ते ७५ मधील टक्केवारी ७५ धरली जाते, आणि त्यापुढील १००. म्हणजे वरील उदाहरणात रक्कम ६,७५० रुपये होते, आणि बोर्डाने ६० टक्के लिहिले असते तर १०,१२५ रुपये. सर्व्हिस एलिमेंटचे २२,५०० रुपये यात मिळवावेत, म्हणजे २० टक्क्यांच्या त्याच जवानाची मूळ मासिक रक्कम २९,२५० रुपये होईल, आणि महागाई भत्ता यावर वेगळा. पीपीओवरचा आकडा आणि हा आकडा जुळत नसेल, तर तफावत बहुधा ब्रॉड बँडिंगची किंवा मोजण्याजोग्या वेतनाची असते.

ब्रॉड बँडिंग सुरुवातीला केवळ अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्यांना दिले जात असे, आणि नियत सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाकारले जात असे. १० डिसेंबर २०१४ रोजी ‘भारत सरकार विरुद्ध राम अवतार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला नाही. जुन्या पीपीओवर अजूनही २० किंवा ३० टक्क्यांचाच आकडा दिसत असेल, तर या निकालाचा आधार घेऊन दुरुस्तीची मागणी करावी. एकाहून अधिक अपंगत्वे असतील तर त्यांच्या टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही. बोर्ड एकत्रित टक्केवारी ठरवते, आणि पेन्शनचा हिशेब त्या एकाच आकड्यावर होतो.

सेवा कशी संपली, ही तिसरी नोंद. नियत सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला किमान २० टक्के अपंगत्व लागते. अपंगत्वामुळे बाहेर काढले गेल्यास २० टक्क्यांपेक्षा कमी आकडा टिकणे अवघड, कारण ज्या अपंगत्वामुळे सेवाच संपवावी लागली ते २० टक्क्यांहून अधिक असलेच पाहिजे, असे २०१४ च्या ‘सुखविंदर सिंग’ प्रकरणात न्यायालयाने म्हटले आहे. स्वेच्छेने मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्यांनाही मंत्रालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या पत्रानुसार, निवृत्ती १ जानेवारी २००६ नंतरची असल्यास, डिसेबिलिटी एलिमेंट मिळते. मात्र सेवेत असतानाच अपंगत्वापोटी एकरकमी भरपाई घेतली असेल, तर त्याच अपंगत्वासाठी निवृत्तीनंतर मासिक रक्कम मागता येत नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. ते त्यानंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी असून सेवा पूर्ण करणाऱ्यांच्या रकमेला त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे वेगळे नाव आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांनी या नियमांची धास्ती घेऊ नये.

वॉर इंज्युरीच्या हिशेबात हाच भेद फार ठळक दिसतो. युद्धसदृश कारवाईत जखमी होऊन सेवेतून बाहेर पडलेल्याला १०० टक्के अपंगत्वासाठी वॉर इंज्युरी एलिमेंट म्हणून पूर्ण मोजण्याजोग्या वेतनाइतकी रक्कम मिळते, तर पुढे सेवेत राहून निवृत्त झालेल्याला त्याच वेतनाच्या ६० टक्के. वरील हवालदाराचे अपंगत्व ब्रॉड बँडिंगनंतर ५० टक्के धरले गेले तर पहिल्या स्थितीत २२,५०० आणि दुसऱ्या स्थितीत १३,५०० रुपये होतात. सर्व्हिस एलिमेंट दोन्ही ठिकाणी वेगळे मिळते. ज्यांचे अपंगत्व १०० टक्के असून सतत मदतनीसाची गरज आहे असे बोर्डाने लिहिले आहे, त्यांना याशिवाय सतत परिचर्या भत्ता मिळतो. त्याचा दर १ जुलै २०१७ पासून ६,७५० रुपये झाला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की तो २५ टक्क्यांनी वाढतो.

तफावत आढळली तर आधी ती कोणत्या जातीची आहे ते ठरवावे, कारण दोहोंचे रस्ते वेगळे आहेत. कारण व टक्केवारी मान्य आहे, केवळ आकडा चुकला आहे, अशी अडचण असेल तर ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवावी, सोबत पीपीओ व बोर्डाच्या अहवालाची प्रत जोडावी आणि अपेक्षित हिशेब एका पानावर मांडून द्यावा. मंजुरी प्रयागराज येथील पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा विभागाच्या कार्यालयाकडून होते, त्यामुळे दुरुस्ती आदेशही तिथूनच निघतो. बँकेच्या शाखेत खेपा घालून हा प्रश्न सुटत नाही. अर्ज लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत विनामूल्य मिळते, तेव्हा टक्केवारीवर काम करणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याचे कारण नाही.

पण बोर्डाने कारणच नाकारले असेल किंवा टक्केवारी कमी लावली असेल, तर अपील करावे लागते. नकाराचे पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत पहिले अपील अपिलीय समितीकडे जाते, आणि तेथेही नकार आला तर दुसरे अपील वरच्या समितीकडे. पत्र आले त्या दिवशी लिफाफ्यावर तारीख लिहून तो लिफाफाही जपून ठेवावा. मुदतीचा वाद झाला तर तोच कामी येतो. अपिलात कष्टाचे आणि हालअपेष्टांचे वर्णन लांबवण्यापेक्षा भरतीवेळची वैद्यकीय नोंद, आजार पहिल्यांदा नोंदला गेला ती तारीख व त्या वेळची तैनाती, आणि वैद्यकीय श्रेणी कधी खाली आली याचा कालक्रम मांडावा.

दोन्ही अपिले फेटाळली गेली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले असून महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबई खंडपीठापुढे चालतात. बऱ्याच वर्षांनी दाद मागितली तरी दावा टिकू शकतो, कारण पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने निर्माण होतो. मात्र २००८ च्या ‘तरसेम सिंग’ निकालानंतर थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या ३ वर्षांपुरती मर्यादित ठेवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हक्क शाबूत राहिला तरी उशीर झालेल्या वर्षांचे पैसे असे हातचे जातात, म्हणून बोर्डाचा अहवाल मागण्याचा अर्ज याच आठवड्यात टाकावा.