दत्तकपत्रावर आई-वडील दोघांच्याही सह्या घ्या

नात्यातलं मूल दत्तक घेताना दत्तकपत्रावर देणाऱ्यांपैकी फक्त वडिलांची सही घेतली जाते आणि पुढे वारसाहक्काच्या वादात तेच दत्तक अडचणीत येतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 9 नुसार आई किंवा वडील, कोणीही मूल दत्तक देऊ शकतं, पण दुसऱ्याच्या संमतीनेच.

1. देणाऱ्या आई-वडिलांची संमती त्याच दत्तकपत्रात लिहून दोघांच्या सह्या घ्या. एक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडा.

2. घेणारा पुरुष विवाहित असेल तर त्याच्या पत्नीची संमती हवी, घेणारी स्त्री विवाहित असेल तर पतीची. त्यांच्याही सह्या घ्या.

3. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. देणारा-घेणारा दोघांच्या सह्यांचं नोंदणीकृत पत्र असलं की कलम 16 प्रमाणे न्यायालय दत्तक कायदेशीर झाल्याचं गृहीत धरतं. खोडायचं असेल तर पुराव्याचं ओझं विरोधकावर. मात्र मूल प्रत्यक्ष देणं-घेणं झालेलंच असलं पाहिजे.

घटस्फोट झाला म्हणून दुसऱ्या पालकाची संमती टळत नाही. सूट फक्त संन्यास घेतलेल्या, हिंदू धर्म सोडलेल्या किंवा न्यायालयाने विकलमनस्क ठरवलेल्या पालकाबाबत आहे.

संमतीच्या बदल्यात पैसे देऊ-घेऊ नका. कलम 17 खाली तो गुन्हा आहे.