ऑडासिटीमध्ये दुसरा ट्रॅक मागे पडत असल्यास: माझा अनुभव

ऑडासिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ध्वनिमुद्रित केलेली पेटी हेडफोनवर ऐकत मी अभंग गायलो, की ऐकताना गाणे प्रत्येक वेळी समेच्या किंचित मागे पडलेले आढळे. ट्रॅक हाताने सरकवणे, बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) कमी करणे, केबल बदलणे हे सर्व करून पाहिले. दोन रविवार त्यातच गेले. दोष गळ्याचा नव्हता, लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे मुद्रणात होणाऱ्या उशिराच्या भरपाईसाठी नवा ट्रॅक किती मागे-पुढे सरकवायचा त्या आकड्याचा होता: तो मूळचा उणे 130 मिलिसेकंद असतो आणि माझ्या साधनांना तो पुरेसा नव्हता.

प्रथम प्रेफरन्सेसमधील ऑडिओ सेटिंग्जमध्ये हे लेटन्सी कॉम्पेन्सेशन शून्य केले. नंतर जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक (ठरावीक लयीतल्या ठोक्यांचा ट्रॅक) तयार केला, मुद्रण चालू असताना आधीचे ट्रॅक ऐकू येण्याचा पर्याय सुरू असल्याची खात्री केली, हेडफोनचा एक कर्णा मायक्रोफोनला टेकवला आणि तोच ठोका नव्या ट्रॅकवर मुद्रित केला. यानंतर दृश्य पुरेसे मोठे करून मूळ ठोक्याच्या आरंभापासून नव्या ठोक्याच्या आरंभापर्यंतचा भाग निवडला. त्याची लांबी सिलेक्शन टूलबारमध्ये 184 मिलिसेकंद दिसली. तोच आकडा उणे चिन्हासह, म्हणजे -184, भरपाईच्या रकान्यात भरला आणि चाचणी पुन्हा केली, तेव्हा दोन्ही ठोके एकाखाली एक आले.

उणे चिन्ह विसरल्यास अंतर दुप्पट होते, हे मी स्वतः करून पाहिले आहे. चाचणी तारेच्या हेडफोनवरच करावी आणि साधन बदलल्यास मोजमाप नव्याने घ्यावे.