क्रॉसओव्हर वाचताना अंकांचा क्रम कसा लावावा

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचे सगळे सुपरहिरो एकाच जगात राहतात, त्यामुळे एकाच्या मालिकेत काही घडलं की दुसऱ्याच्या मालिकेत पडसाद उमटतात. अशी अनेक मालिकांमधून पसरलेली एकच गोष्ट म्हणजे क्रॉसओव्हर. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या माणसाला हे प्रकरण जड जातं. तो विचारायला जातो आणि हमखास सल्ला मिळतो : '१९६१च्या फॅन्टॅस्टिक फोरपासून सुरू कर.' असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः तसं वाचलेलं नसतं. सोडून द्या.

पहिली पायरी : एकच क्रॉसओव्हर निवडा. मी नवख्यांना १९८४-८५ची 'सीक्रेट वॉर्स' देतो. बारा अंक, लेखक जिम शूटर. नायक आणि खलनायकांना एका परक्या ग्रहावर नेऊन लढायला लावतात, ते हे युद्ध. मॅटेल कंपनीच्या खेळण्यांसाठी जुळवलेली मालिका आहे, तेव्हा थोर साहित्याची अपेक्षा नको. पण अंक एकमेकांत कसे गुंततात ते शिकायला याहून सोपं काही नाही.

दुसरी पायरी : एकच नायक धरा. इथे स्पायडर-मॅन, म्हणजे पीटर पार्कर.

तिसरी पायरी म्हणजे क्रम लावणं. गाडी अडते ती इथेच, माझीही अडायची. इंटरनेटवर 'कथेतल्या काळानुसार' लावलेल्या लांबलचक याद्या मिळतात. कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी घडली याचा कीस पाडून त्या केलेल्या असतात. मेहनत खरी आहे, पण पहिल्या वाचनाला त्या यादीला हात लावू नका. ती गोष्टीतलं रहस्यच मारून टाकते.

कसं ते बघा. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २५१व्या अंकाच्या शेवटी पीटर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभ्या राहिलेल्या एका विचित्र वास्तूकडे ओढला जातो. २५२व्या अंकात तो परत येतो तो काळ्या पोशाखात. मुखपृष्ठावर मे १९८४. त्याच महिन्याचा 'सीक्रेट वॉर्स'चा पहिला अंक आहे, म्हणजे युद्धाला आत्ता कुठे तोंड फुटतंय आणि इकडे नायक जाऊन परतलासुद्धा! पोशाख कुठून आला, कुणी दिला, काहीच कळत नाही. पुढे २५८व्या अंकात, नोव्हेंबर १९८४ला, फॅन्टॅस्टिक फोरमधला शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स तपासणी करून सांगतो की हा कपडा नाही, जिवंत प्राणी आहे. आणि पीटरने तो मुळात मिळवला कसा, ते दिसतं त्याच्या पुढच्या महिन्यात, 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकात. फाटका पोशाख बदलायला तो भलत्याच यंत्रापाशी जातो आणि त्यातून काळा गोळा बाहेर पडतो. त्याला मजा वाटते. आपल्याला मात्र तो गोळा काय आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. कथेतल्या काळानुसार वाचणाऱ्याला तेच पान नुसती कपडेबदल वाटते, आणि नंतर सहा-सात अंक चाललेलं कोडं त्याच्यासाठी कोडंच राहत नाही.

म्हणून क्रम लावायचा तो प्रकाशनाचा. मुखपृष्ठावरचा महिना बघा. तो महिना प्रत्यक्ष विक्रीच्या काही महिने पुढचा असायचा, पण सगळ्याच अंकांवर तसाच असल्याने आपल्या कामात फरक पडत नाही. या जोडीत तर गणित फारच सोपं आहे : स्पायडर-मॅनच्या अंकातून २५१ वजा करा, की 'सीक्रेट वॉर्स'चा जोडीचा अंक मिळतो. २५२ बरोबर पहिला, २५८ बरोबर सातवा, २५९ बरोबर आठवा. एका महिन्यातल्या दोहोंपैकी मी आधी 'सीक्रेट वॉर्स' वाचतो. उलटं केलंत तरी बिघडत नाही. अ‍ॅपवर वाचत असाल तर एक मालिका संपवून दुसरी धरायचा मोह होतो. तसं न करता दोन्ही उघड्या ठेवा.

चौकटीच्या कोपऱ्यात संपादकाची टीप येते, अमुक मालिकेचा तमुक अंक पाहा म्हणून. वाचा आणि पुढे चला. त्या टिपेमागे धावलात तर चार तासांनी तुम्ही भलत्याच मालिकेत असाल आणि मूळ प्रसंग विसरलेले असाल.

चौथी पायरी : जोडअंक, म्हणजे क्रॉसओव्हरशी जोडलेले इतर मालिकांचे अंक, छाटा. तुमच्या नायकाचं काही बदलत नसेल तर अंक बाजूला. 'अनकॅनी एक्स-मेन'चा १८३वा अंक मात्र घ्याच. युद्धावरून परतलेला एक्स-मेनमधला कोलोसस त्याच संघातल्या किटी प्राइडशी नातं तोडतो, कारण तिकडे त्याचा जीव दुसरीवर जडलेला असतो.

प्रकाशनाच्या क्रमाला मी एकच अपवाद करतो, तो 'द थिंग'च्या स्वतःच्या मालिकेचा. अकराव्या अंकापासून बेन ग्रिम, म्हणजेच थिंग, त्या परक्या ग्रहावर एकटाच भटकताना दिसतो. तो तिथे मागे का राहिला ते 'सीक्रेट वॉर्स'च्या बाराव्या अंकात आहे. यात कोडं असं काही नाही, नुसता गोंधळ होतो. बारावा अंक संपवा, मग अकरा ते बावीस सलग वाचून काढा.