सुटका करून आणलेले चार हस्की एका घरात कसे नांदवावेत

आमच्याकडे सध्या सायबेरियन हस्की जातीची चार कुत्री आहेत आणि चौघंही कुणाला तरी नकोशी झालेली. मिष्का आठ महिन्यांची असताना ‘आवरत नाही’ म्हणून सोडून दिलेली. भोला दोन वर्षं साखळीला बांधलेला होता. तारा रस्त्यावर सापडली, तिचं आधीचं काहीच कळलं नाही. आणि ढगू, सगळ्यांत म्हातारा, मालक अंथरुणाला खिळल्यामुळे आलेला. लोक विचारतात, एवढा कळप कसा सांभाळता? कळप म्हणून सांभाळायला गेलो तेव्हा आमचं सगळंच बिनसलं होतं. प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचं ताट आणि प्रत्येकाची भीती वेगळी धरली तेव्हा घर मार्गावर आलं. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने.

१. आधी दारं, मग कुत्रा

हस्की घरात येण्याआधी घराच्या बाहेर जा आणि त्याच्या नजरेने कुंपण बघा. ६ फुटांपेक्षा कमी उंचीचं कुंपण त्याच्या दृष्टीने कुंपणच नसतं. साध्या तारजाळीवर तो पंजे अडकवून चढू शकतो, आणि भिंतीला लागून कुंडी, बाक, लाकडांचा ढीग असेल तर ती त्याची शिडी. वरून जमलं नाही तर तो खालून जातो. म्हणून कुंपणाच्या पायथ्याशी आतल्या बाजूला दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरून वर माती किंवा फरशी टाका. कुत्रा कुंपणाच्या अगदी कडेलाच उकरायला लागतो, पंजाला जाळी लागली की सोडून देतो.

मुख्य दाराबाहेर आणखी एक छोटं फाटक हवंच. नियम एकच: एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाहुण्यांना, मुलांना, सामान घेऊन येणाऱ्यांना, सगळ्यांना लागू. दाबून उघडणारी आडवी मूठ बदला. भोलाने ती चौथ्या दिवशी पंजाने खाली ओढून दार उघडलं आणि बाकीच्यांनी ते बघितलं. एकाला आलं की चौघांना येतं, कळपाचं हे पक्कं लक्षात ठेवा.

तरीही एखादा सुटतोच. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आणि कातडीखाली ओळख-क्रमांकाची मायक्रोचिप, दोन्ही पहिल्याच आठवड्यात. चिप आधीपासून असेल तर तिच्या नोंदीत स्वतःचं नाव आणि नंबर घालून घ्या, हे हमखास राहून जातं.

२. पहिले पंधरा दिवस वेगळी खोली

नवीन कुत्र्याला लगेच कळपात सोडू नका, मग तो कितीही गोड वाटो. परवो, डिस्टेंपर, खोकला यांसारखे आजार अंगात असूनही काही दिवस दिसत नाहीत. पंधरा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि त्याच्याकडून आल्यावर आपले हात धुणं, चपला बदलणं. या काळात पशुवैद्याकडून रक्ततपासणी (गोचीडताप आणि हृदयातल्या जंतांसाठी), जंतांचं औषध, लसी आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. या जातीत मोतीबिंदू आणि डोळ्यांचे इतर आनुवंशिक विकार आढळतात. निळा डोळा, एक निळा एक तपकिरी, हा मात्र आजार नव्हे. नाक, ओठ, डोळ्यांभोवती खपल्या धरल्या असतील तर तेही दाखवा. शरीरात झिंक नीट शोषलं न जाणं हे त्याचं एक कारण असतं. पण झिंकच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, जास्त झालं तर विषबाधा होते.

आणि एक गोष्ट हातानेच तपासा. हस्कीची लव इतकी दाट असते की उपासमार झालेला कुत्राही गुबगुबीत दिसतो. बोटं लवेच्या आत घालून बरगड्या चाचपा. तारा दिसायला चांगली भरलेली होती; पहिल्यांदा पाठीवरून हात फिरवला तेव्हा मणके एकेक करून मोजता आले. अशा कुत्र्याला प्रेमापोटी भरपूर वाढणं जीवावर बेतू शकतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न मिळालं तर रक्तातले क्षार बिघडतात. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या.

बाकी या दिवसांत फार काही करायचं नाही. आंघोळ नको, पाहुणे नकोत, सारखं जवळ घेणं नको. तारा आम्ही खोलीत असेपर्यंत खात नसे, भिंतीकडे तोंड करून बसायची. मग आम्हीही तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसू लागलो. सहाव्या दिवशी पाठीमागे भांड्याचा आवाज आला. आम्ही वळून बघितलं नाही. कुत्री सोडवून आणणारे लोक एक हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची पद्धत कळायला, तीन महिने हे घर आपलं आहे असं वाटायला. काहींना वर्ष लागतं.

३. ओळख बाहेर, आणि एका वेळी एकाचीच

जुन्या कुत्र्यांशी भेट घरात घडवू नका. तिथे त्यांचा हक्क आहे. मोकळ्या, दोघांनाही परक्या जागी न्या. दोन कुत्री, दोन माणसं, मध्ये वीस-तीस फुटांचं अंतर, आणि एकाच दिशेने चालायचं. समोरासमोर आणायचं नाही. दोघांचं लक्ष एकमेकांवरून उडून वासांकडे गेलं की अंतर थोडं कमी करा. अंग ताठ, शेपूट उभी, नजर रोखलेली, तोंड मिटलेलं असं दिसलं तर लगेच लांब जा. दोरी मात्र सैल ठेवा. ताणलेली दोरी कुत्र्याला सांगते की धन्यालाही धोका वाटतोय.

सुरुवात कळपातल्या सगळ्यांत शांत कुत्र्यापासून करा. आमच्याकडे हे काम ढगूचं. त्याने एकदा वास घेऊन पाठ फिरवली की नवा कुत्रा निम्मा सैलावतो. नंतर एकेक करून बाकीच्यांशी, रोज एक. सगळ्यांनी मिळून एकट्याला घेरणं हा भांडणाचा सरळ रस्ता आहे. निर्बीजीकरण राहिलं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उरकून घ्या, आणि दोन तरण्या माद्यांमधली तेढ हलक्यात घेऊ नका.

पहिले तीन महिने घरात माणूस नसेल तेव्हा नवा आणि जुने वेगवेगळ्या खोल्यांत. कितीही जमत असलं तरी.

४. पळण्याची भूक

हस्की म्हणजे ताकदीचा नव्हे, दमसासाचा कुत्रा. ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी तो हलकं ओझं घेऊन लांबवर पळण्यासाठी जोपासला. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवायला २० घसरगाडीवाले आणि त्यांची कुत्री सुमारे १०८५ किलोमीटर बर्फातून एकमेकांच्या हाती औषध देत साडेपाच दिवसांत पोचली. त्यांत अनेक सायबेरियन हस्की होते. अशा रक्ताच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चक्कर मारून आणायची आणि मग त्याने सोफा फाडला म्हणून रागवायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. सोडून दिलेल्या हस्कींपैकी पुष्कळांचा ‘गुन्हा’ एवढाच असतो.

निरोगी प्रौढ हस्कीला रोज तास-दोन तास खरा व्यायाम हवा, गारव्यात. आम्ही उजाडण्याआधी बाहेर पडतो, दोघं-दोघं. चौघांना एका माणसाने नेऊ नये. मांजर दिसली की चार जण मिळून तुम्हाला आडवं करतात. फिरायला छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा) घ्या. पण पळायला नेताना उलट करा: पाठीवर शेपटीच्या बाजूला दोरी अडकणारा, ओढण्याचाच हार्नेस घाला, दोरी कमरेच्या पट्ट्याला बांधा आणि त्याला ओढू द्या. कपडा बदलला की काम बदललं हे त्याला चटकन कळतं. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला मात्र ओढायला लावू नका, हाडांची वाढ पुरी व्हायची असते.

बंदिस्त जागेबाहेर दोरी सोडायची नाही. घरात नावाने हाक मारली की धावत येणारा हस्की बाहेर वास लागला की ऐकत नाही. घरात ससे, कोंबड्या, मांजर असेल तर आधी नीट विचार करा; शिकारीची ओढ या जातीत उपजत आहे.

५. ताटं

खाण्यावरून होणारी भांडणं वाढतानाच टाळता येतात. आमच्याकडे प्रत्येकाचा कोपरा ठरलेला आहे: मिष्का न्हाणीघरात, तारा पहिल्यापासूनच्या तिच्या खोलीत, भोला पिंजऱ्यात दार लावून, ढगू स्वयंपाकघराच्या दारात. वाढण्याचा क्रम रोज तोच. भोला साखळीवर असताना जे समोर पडेल ते तीन घासांत गिळायचा आणि रिकाम्या भांड्यावर गुरगुरत उभा राहायचा. त्याला आम्ही खडबडीत, खाचांच्या भांड्यात वाढतो आणि जाता-येता लांबून एखादा चविष्ट तुकडा त्यात टाकतो. माणूस जवळ आला की अन्न जात नाही, वाढतं, हे पटायला त्याला पाच महिने लागले. गुरगुरला म्हणून कधीही ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केली तर कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

हस्की अंगाच्या मानाने कमी खातो. उकाड्यात एखादं जेवण सोडलं आणि बाकी चलाख असेल तर घाबरू नका. हाडं आणि चघळायच्या वस्तू फक्त बंद दाराआड.

६. केस

वर्षातून साधारण दोनदा आतली लोकर सुटते आणि दोन-चार आठवडे घरभर ढग उडतात. पार्श्वभागावर पांढरे झुपके उभे राहिले की समजा वेळ आली. बोटांच्या चिमटीने झुपका हलकेच ओढला तर आपसूक हातात येतो. रोज वीस मिनिटं, आधी लांब दातांचा कंगवा, मग बारीक तारांचा ब्रश, मांड्या आणि मानेपासून सुरुवात. आंघोळ लोकर काढल्यावरच; आधी घातली तर गाठी होतात. साखळीवरून आलेल्या कुत्र्याला गळ्याजवळ ब्रश सहन होत नाही, तिथे शेवटी, आणि फक्त हाताने.

केस भादरू नका. केसांचा तो कोट गरमीतही अंग उन्हापासून राखतो, आणि भादरल्यावर पुन्हा पूर्वीसारखा येईलच असं नाही.

७. उकाडा

हस्की कुठल्याही हवामानात राहू शकतो का, यावर माझं मत कडक आहे: दिवसभर गार खोली देता येत नसेल तर आणू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकून थंड होतो, पंजांच्या घामाने फारसं काही होत नाही. चालण्याआधी तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पावलांनाही नाही.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, पाय लटपटताहेत असं दिसलं तर थांबू नका. साधं गार पाणी भरपूर ओता, लव बाजूला करून कातडीपर्यंत पोचवा, विशेषतः पोटावर आणि जांघेत, पंखा लावा आणि गार करत करतच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो लगेच तापतो आणि उष्णता कोंडतो.

८. भांडण झालंच तर

हात मध्ये घालायचा नाही. मोठी जाड चादर दोघांवर टाका, पाण्याची बादली ओता, किंवा मध्ये फळी सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय मांडीजवळ धरून उलटं मागे ओढायचं आणि वेगवेगळ्या खोल्यांत न्यायचं. चादर आणि फळी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. मग लव बाजूला करून अंग चाचपा; दाताचं भोक बारीक असतं आणि आत पू धरतो.

९. आवाज

हस्की भुंकत कमी, विव्हळत आणि गात जास्त. एकाने सूर लावला की चौघं लावतात. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, आपला नंबर द्या. एकटं राहायची सवय मिनिटांपासून लावा: दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग पंधरा. पूर्वी टाकून दिलेल्या कुत्र्याला दार बंद होण्याचा आवाजच पुरेसा असतो. मिष्काला चावीचा आवाज झाला की थरथर सुटायची, म्हणून आम्ही महिनाभर नुसत्या चाव्या वाजवून घरातच बसून राहिलो.

१०. पुढच्याला ‘हो’ म्हणण्याआधी

फोन येत राहतात. आणखी एक हस्की, उद्या कुठे जाईल माहीत नाही, फोटोत निळे डोळे. तेव्हा मी तीन गोष्टी मोजते. दाराला कडी असलेल्या खोल्या कुत्र्यांपेक्षा कमी तर नाहीत? भांडण लागलं तर घरात धरायला दोन मोठी माणसं असतात का? आणि आहेत त्यांच्यातल्या प्रत्येकाबरोबर, बाकीचे नसताना, काल मी दहा मिनिटं बसले होते का? यातल्या एकाचंही उत्तर अडलं तर मी त्या कुत्र्याला ठेवून घेत नाही, पण नवं घर सापडेपर्यंत पंधरा दिवसांची वेगळी खोली देऊ करते. ती खोली ताराची होती. तिचं ताट आता तात्पुरतं जिन्याखाली हलवलंय, कारण काल रात्री एक जण आलाय. अजून खात नाही. भिंतीकडे तोंड करून बसलाय, आणि मी हे त्याच्याकडे पाठ करून लिहितेय.