जोसेफस वाचायला बसण्यापूर्वी

रोमविरुद्धच्या ज्यू उठावाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांची पहिली अडचण अशी की, इ.स. 66 मध्ये पेटलेल्या या युद्धाची सलग हकिगत जवळजवळ एकट्या जोसेफसवर अवलंबून आहे. जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यात जन्मलेला हा माणूस आधी उत्तरेकडील गॅलिली प्रांतात बंडखोरांचा सेनानी होता, 67 मध्ये तो रोमनांना शरण गेला आणि पुढे सम्राट व्हेस्पेशियनच्या आश्रयाने रोममध्ये राहून त्याने इतिहास लिहिला. एवढे कळले की कोणी त्याला फितूर म्हणून मोडीत काढतो, तर कोणी प्रत्यक्षदर्शी म्हणून डोक्यावर घेतो. बखरी वाचलेल्यांना हा पेच ओळखीचा वाटेल.

मला सर्वांत उपयोगी पडली ती त्याची साक्ष त्याच्याच दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहण्याची रीत. या युद्धावर लिहिलेल्या इतिहासात तो सांगतो की, त्याला गॅलिलीचा सेनापती नेमले होते. सुमारे वीस वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात मात्र, आपल्याला आणखी दोन पुरोहितांसह बंडखोरांना शस्त्रे खाली ठेवायला लावण्यासाठी पाठवले होते, असे तो म्हणतो. दरम्यान गॅलिलीतील तिबेरियास शहराच्या जस्टसने, ते शहर रोमविरुद्ध उठले ते जोसेफसमुळेच, असा आरोप करणारा इतिहास लिहिला होता. तो ग्रंथ आज हाती नाही, पण त्याची धग या बदललेल्या जबानीत जाणवते.

सर्व विधाने एकाच मापाने मोजू नयेत. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर जळाले, तेव्हा वेढा घालणारा रोमन सेनापती, व्हेस्पेशियनचा मुलगा टायटस याला ते वाचवायचे होते, असे जोसेफस लिहितो. पण याच टायटसने जोसेफसच्या ग्रंथावर सही करून तो प्रसिद्ध करण्याची आज्ञा दिली, हेही तोच अभिमानाने नोंदवतो. उलट, टायटसलाच मंदिर नष्ट करायचे होते, असे सुल्पिसियस सेव्हेरस सांगतो. मात्र तो तीन शतकांहून अधिक काळानंतरचा ख्रिस्ती लेखक असून, ज्यू व ख्रिस्ती हे दोन्ही धर्म मुळासकट उखडावेत हा हेतूही तो टायटसला चिकटवतो. माझा कल टायटसच्या निर्दोषत्वावर संशय घेण्याकडे आहे, तरीही सेव्हेरसला निःपक्ष साक्षीदार मानणे मला जमत नाही.

आकड्यांबाबत मी कठोर आहे: जेरुसलेमच्या वेढ्यात 11 लाख माणसे मेली, हा जोसेफसचा आकडा हिशेबात घेण्यासारखा नाही. मसादा किल्ल्यावरील बंडखोरांचा नेता एलाझार याची भाषणे त्या काळच्या इतिहासलेखनाच्या रीतीने लेखकानेच रचलेली आहेत. मात्र तिथल्या रोमन छावण्या आणि वेढ्यासाठी रचलेला मातीचा चढ आजही दिसतो; रोमनांनी याच युद्धात वेढलेल्या गामला या गावातील उत्खननात तटाला पडलेले खिंडार, यंत्रांनी फेकलेले दगड आणि बाणांची टोकेही सापडली आहेत. तट, वेढे आणि भूगोल यांबाबत तो बराच भरवशाचा ठरतो.

सरावासाठी मात्र मी नवोदितांना आधी मक्काबींचे पहिले व दुसरे पुस्तक, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक सिल्युसिड राजांविरुद्ध झालेल्या ज्यू बंडाच्या दोन हकिगती, शेजारी-शेजारी ठेवून वाचायला सांगेन. पहिले पुस्तक त्या बंडाचे नेतृत्व करणाऱ्या हास्मोनियन घराण्याची बाजू घेते, तर दुसऱ्याचे सारे लक्ष मंदिरावर आहे. ज्याच्याविरुद्ध बंड झाले त्या राजा चौथ्या अँटिओकसचा मृत्यू पहिल्यात, बंडखोरांनी परत मिळवलेल्या मंदिराच्या शुद्धीकरणानंतर येतो आणि दुसऱ्यात त्याआधी. या वादाशी काहीही देणेघेणे नसलेली बॅबिलोनची एक मृत्तिकापट्टिका, राजाच्या मृत्यूची वार्ता इ.स.पू. 164 च्या अखेरीस तिथे पोहोचल्याचे नोंदवते; ती तारीख समोर ठेवून दोन्ही पुस्तकांतील घटनाक्रम स्वतः मांडून पाहावा.