गावात राहून सीए इंटरमीजिएट: घरच्या घरी अभ्यास कसा करावा

चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या बीकॉमच्या मुलांना अजूनही सांगितलं जातं, सीए करायचं तर मुंबई-पुणे गाठा. इंटरमीजिएटपुरतं, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्यापुरतं तरी मला हे पटत नाही. सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेचं स्टडी मटेरियल, जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची उत्तरं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. क्लासात जास्तीचं मिळतं ते एकच: मुलांकडून नियमानं लिहून घेतात. ते काम घरी स्वतःलाच करावं लागतं.

आधी अटेम्प्ट ठरवा, म्हणजे कोणत्या महिन्यात परीक्षेला बसायचं ते. २०२५ पासून परीक्षा वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. सप्टेंबरची शेवटची उजळणी गणपतीत सापडते. मेच्या आधी शिमगा आणि आंबा-काजूचा हंगाम, बागायतीच्या घरात तेव्हा कुणाला सुटका नसते. माझ्या मते आपल्याकडे जानेवारी सगळ्यात सोयीची. पावसाळ्यात पहिलं वाचन होतं, दिवाळीनंतर रिव्हिजनला सलग वेळ मिळतो. पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून लागणाऱ्या सगळ्या पीडीएफ मृगाच्या आत उतरवून घ्या, निदान कॉस्टिंग आणि अकाउंट्सचे प्रिंट काढा.

मग गुणांचा हिशोब. दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या ३०० पैकी १५० गुण हवेत. ग्रुप अडकला तरी एखाद्या पेपरात ६० मिळाले असतील तर पुढच्या तीन अटेम्प्टना त्यातून सूट मिळते, पण त्यासाठी ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात. एक पेपर वाईट गेला म्हणून पुढच्याला घरी बसू नका! नोकरी किंवा घरचं काम सांभाळून करत असाल तर एका वेळी एकच ग्रुप घ्या.

आता खरा अभ्यास. सोडवलेलं उदाहरण वाचून समजलं की अभ्यास झाला असं वाटतं, आणि मुलं इथेच फसतात. उत्तर झाका आणि कोऱ्या कागदावर गणित शेवटपर्यंत करा. प्रोसेस कॉस्टिंग, म्हणजे टप्प्याटप्प्यानं तयार होणाऱ्या मालाचा खर्च काढणं, अवघड वाटतं ना? काजूची फॅक्टरी घ्या. १,००० किलो बी सुकवायला घेतली, एकूण खर्च १,१४,००० रुपये. ५ टक्के घट नेहमीचीच (नॉर्मल लॉस), तिला किंमत नाही. म्हणून खर्च ९५० किलोवर वाटायचा: किलोला १२० रुपये. प्रत्यक्षात ९४० किलोच निघाली, तर वरची १० किलो असाधारण घट; तिचे १,२०० रुपये कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला जातात. असं एक गणित स्वतः रचून पाहिलंत की नॉर्मल लॉसचा भार चांगल्या मालावर का पडतो, हे घोकावं लागत नाही.

कायद्याचं उत्तर तीन तुकड्यांत लिहा: तरतूद, प्रश्नातली परिस्थिती, निष्कर्ष. कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर लिहू नका, तरतूद नीट लिहा. टॅक्सला मात्र कुणा दादा-ताईचं जुनं पुस्तक वापरू नका. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांकच बदलतात. तुमच्या अटेम्प्टला काय लागू आहे, ते संस्थेच्या सूचनेत बघा.

शेवटचे दोन महिने आरटीपी (संस्थेचे रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि मॉक टेस्ट पेपरचे. दुपारी २ ते ५, परीक्षेच्याच वेळेला बसा, फोन दुसऱ्या खोलीत. ३० गुणांचे एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न असतात, चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही रिकामा सोडू नका. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन संस्थेच्या उत्तराशी ओळ-ओळ ताडा. वर्किंग नोट (आकडा कसा काढला ते) दिली नाही, फॉरमॅट चुकला, गृहीतक लिहिलं नाही: प्रत्येक चूक एका वहीत विषयवार टिपा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी फक्त ती वही उघडा.