कुत्रा घेऊन मराठवाड्यात आलात? डोंगरावर जाण्याआधी एवढं वाचा

संभाजीनगरजवळ वाळूजला किंवा शेंद्र्याला नोकरी लागते, बीड बायपासला फ्लॅट मिळतो आणि सामानाच्या ट्रकमागोमाग घरचा लॅब्रॅडॉर किंवा बीगलही येतो. पहिल्याच रविवारी विचारणा होते, याला मोकळं सोडायला डोंगर कुठे आहे? मी मूळची चिपळूणची. लग्नानंतर संभाजीनगरला आले आणि इथलीच झाले. घरात कायम कुत्रा, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: डोंगर भरपूर आहेत, पण "मोकळं सोडायला" हे शब्द आधी डोक्यातून काढा.

पुण्यामुंबईहून आलेल्यांना इथला डोंगर रिकामा वाटतो. उघडा माळ, खुरटी झाडं, चिटपाखरू नाही. एप्रिलमध्ये बघून "इथे काय आहे?" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ऑगस्टात म्हैसमाळच्या पठारावर उभं राहा आणि मग बोला. पण रिकामा तो एप्रिलमध्येही नसतो. त्या माळावर कुणाची तरी शेळ्यामेंढ्यांची चरई चालू असते, उतारावर कुणाची कपाशी किंवा मका असतो, आणि जिथे डोंगर संपला असं वाटतं तिथे कुणाची तरी विहीर असते. तीही पुष्कळदा बिनकठड्याची. पावसाळ्यात गवत वाढलं की काठ माणसालाही दिसत नाही, धावत्या कुत्र्याला कुठून दिसणार?

विहिरीपेक्षाही मला धास्ती शेततळ्याची आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि मराठवाड्यात जागोजागी तळी झाली. दुष्काळी मुलखात ती हवीतच. पण पाणी मुरू नये म्हणून बऱ्याच तळ्यांना आतून प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो. त्याच्या उतारावर शेवाळ धरतं. उतरायला सोपं, चढायला अशक्य. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा लॅब, पोहण्यात पटाईत, संभाजीनगरच्याच सातारा परिसराच्या पलीकडे पट्टा काढल्याबरोबर तळ्यात उतरला. मजेत पोहला. मग बाहेर यायला लागला तर पंजा टेकायला जागाच नाही. नखं कागदावरून घसरत होती, तो पुन्हा आत जात होता, पुन्हा काठाशी येत होता. मालक घाबरून मागोमाग उतरला आणि तोही अडकला. शेजारच्या शेतातले काका बैलाचा कासरा घेऊन धावले म्हणून माणूस वाचला. कुत्रा वाचला नाही.

म्हणून पुन्हा सांगते, कुत्रा कितीही आज्ञाधारक असू दे, पट्टा काढायचा नाही. "आमचा हाक मारली की येतो" हे मला सांगू नका. पाणी दिसल्यावर लॅबला हाक ऐकू येत नाही. पोहायला येतं म्हणून बिनधास्त राहू नका, आणि कुत्रा पडलाच तर मागोमाग स्वतः उतरू नका. काठावरून दोर, शिडी, झाडाची फांदी, जे मिळेल ते टाका आणि ओरडून माणसं गोळा करा. मोकळेपणा द्यायचाच असेल तर सात-आठ मीटरचा लांब दोर घ्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छाती-पाठीला बांधायचा पट्टा, असला तर वेळ पडल्यास कुत्र्याला उचलताही येतं.

शेताच्या कडेला फवारणीचे ड्रम असतात. त्यातलं किंवा जवळच्या डबक्यातलं पाणी एक घोटही पिऊ देऊ नका. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत वीजही असू शकते, तेव्हा कुंपणापासून लांबच चाला.

आता माणसांचं. इथली माणसं अगत्यशील आहेत. उन्हात चालताना दिसलात तर हाक मारून पाणी देतील, हुरड्याच्या दिवसांत बसवून घेतील. पण मोठा, केसाळ, अनोळखी कुत्रा बघून बाया आणि पोरं घाबरतात. "चावतंय का हो?" असं विचारलं की नवखे लोक लांबूनच हसून "नाही नाही, काही करत नाही" म्हणतात आणि चालत राहतात. असं करू नका. थांबा, दोर आखडा, वाटेच्या कडेला व्हा, त्यांना आधी जाऊ द्या. शेळ्या दिसल्या तर आणखी लांबून वळसा घ्या. उस्मानाबादी शेळी म्हणजे गरिबाघरचं रोकड धन. तुमच्या कुत्र्याने नुसती पळवली आणि गाभण शेळी गाभडली तर नुकसान खरं असतं. तेव्हा हुज्जत न घालता भरपाई द्यायची. धनगरांच्या वाड्याजवळ तर जायचंच नाही. त्यांचे कुत्रे राखणीचे असतात आणि ते आपलं काम चोख करतात.

जायचं कुठे? रोजच्या फिरण्याला विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी उत्तम, मात्र उजाडल्यावर. शेजारच्या औरंगाबाद लेण्यांत कुत्रा चालत नाही. पुरातत्त्व खात्याच्या कुठल्याच संरक्षित वास्तूत प्राणी नेता येत नाही, त्यामुळे वेरूळ आणि देवगिरी किल्ला कुत्र्याला घरी ठेवूनच बघा. रविवारी म्हैसमाळ किंवा सुलीभंजन करा. मंदिरांपासून लांब राहा, आणि वाटेत खुलताबादेत दर्ग्यांच्या आसपास कुत्र्याला गाडीतून उतरवू नका. सारोळ्याकडची झाडी छान आहे, पण तिथे एकट्याने जाऊ नये. गौताळा मात्र पूर्ण विसरा. ते १९८६ पासून अभयारण्य आहे, बिबटे आहेत, २०२१ साली तिथे वाघही पोहोचला होता. कुत्र्याचं तिथे काही काम नाही. धाराशिवकडे राहणाऱ्यांनी येडशी रामलिंग अभयारण्याबद्दलही हेच धरून चालावं.

बिबट्याची भीती फक्त जंगलातच बाळगायची असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तो संभाजीनगर शहरात, सिडको एन-१ च्या वस्तीत शिरला होता. कुत्रा ही त्याची आवडती शिकार. दिवेलागणीला डोंगर सोडलेला असला पाहिजे.

पावसाळा संपला की कुसळ सुरू होतं. कोकणातून आलेल्या मला याची काहीच कल्पना नव्हती आणि नवीन येणाऱ्यांनाही नसते. ऑक्टोबरात माळावरचं गवत पिवळं पडतं, त्याच्या टोकाला सुईसारखं बी आणि मागे पीळदार शेपूट. ओल लागली की पीळ उलगडतो आणि बी स्वतःच आत शिरत जातं. टोकाला उलटे केस असल्यामुळे मागे येत नाही. आपल्या पायमोज्यात ते अडकतं, कुत्र्याच्या मात्र बोटांच्या बेचक्यात, कानात, डोळ्याच्या कोपऱ्यात घुसतं. एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. कुत्रा सारखा एकच पंजा चाटतोय, मान एका बाजूला कलती धरतोय, एकामागून एक शिंका देतोय, तर "बघू उद्या" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. गोल्डन रिट्रीव्हर, शिह त्झू असल्या केसाळ कुत्र्यांचे पंजे दसऱ्याआधीच कातरून घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर गवतातून न जाता बैलगाडीच्या रुळलेल्या वाटेनेच चाला. घरी आल्यावर दिव्याखाली बसवून प्रत्येक बोट उघडून बघा. तेव्हाच गोचीडही सापडते. गोचिडीचा ताप इथे फार आहे. कुत्र्याने जेवण सोडलं आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर लगेच रक्त तपासून घ्या.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून पावसापर्यंत सकाळी आठनंतर डोंगर नकोच. काळा दगड तापतो. हाताची पालथी बाजू टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर पंजालाही सोसत नाही. ओढे आटलेले असतात, म्हणून कुत्र्याचं पाणी वेगळं घ्या.

दगडाच्या सांदीत तोंड घालू देऊ नका, फुरसं तिथेच असतं. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका. उचलून गाडीत घाला. फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चारही विषांवर एकच लस चालते, पण ती सगळ्या दवाखान्यांत नसते. तेव्हा घर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन-तीन पशुवैद्यांना गाठून विचारून ठेवा: लस ठेवता का, रात्री फोन उचलता का, रक्ततपासणी तिथेच होते का? सरकारी दवाखान्यांचा बराचसा वेळ गाईम्हशींत जातो, त्यांना दोष देऊ नका. लातूर-नांदेडच्या बाजूला असाल तर उदगीर आणि परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे फोन नंबरही मोबाइलमध्ये घालून ठेवा.